तळहातावरचं लिंबू



आज पुढच्या सतरंजीवर मुलं जास्त दिसतायत. पत्रिकेत विषय वाचून आली असणार. आणि मागच्या रांगेत काही चेहरे असे आहेत, की ते विषय वाचूनसुद्धा आलेत. दोघांचेही आभार.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते गुरुजी पहाटे तालमीत वस्ताद असत आणि अकरा वाजता शाळेत मराठीचे मास्तर. नवा डाव शिकून आलेलं पोरगं मोठ्या तोऱ्यात त्यांच्यासमोर उभं राहायचं. गुरुजी त्याला डाव दाखव म्हणत नसत. एकच विचारायचे, "तोड येते का?" कलाजंग येतो, ठीक आहे. समोरच्यानं कलाजंग टाकला तर सुटशील कसा? त्याची तोड तुला ठाऊक असली, तर तुझ्या तोडीची तोड त्याला ठाऊक आहे का? असं विचारत विचारत ते पोराला इतकं आत नेत, की वर येताना पोराचा चेहरा बदललेला असायचा. आजच्या विषयाला मी हीच फूटपट्टी लावणार आहे. तलवार हाणत सुटायच्या, राक्षसांची रांग कापत जायच्या त्या व्हिडिओ गेममध्ये, ज्याला ही मुलं 'हॅक अँड स्लॅश' म्हणतात, खरी खोली असते का? का नुसतीच बटणं बडवायची?

पहिल्यांदा नावाचं बघू. कारण नाव ठेवलं की निकाल लागला, असं आपल्याला वाटतं.

'हॅक अँड स्लॅश' म्हणजे काय? तोडा आणि कापा. हे नाव कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचे खेळ अमेरिकेत १९७०च्या दशकात सुरू झाले. त्यात काही खेळाडूंना ना गोष्टीत रस, ना पात्रांत. दिसला राक्षस की कापा, एवढंच. अशांच्या खेळाला बाकीच्यांनी नाक मुरडून दिलेलं हे नाव. म्हणजे जन्मानंच ती हेटाळणी. पुढं तेच नाव एका अख्ख्या प्रकाराला चिकटलं.

आता सांगलीकरांनो, हे तुम्हाला ओळखीचं वाटत नाही का? नाक मुरडून ठेवलेलं नाव, राक्षस, तलवारी, आरडाओरडा. हे तर आपल्या घरातलंच आहे!

५ नोव्हेंबर १८४३. याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या दरबारात झाला होता, आणि तसं काही मराठीत करा, असं राजेसाहेबांनी सांगितलं होतं. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं संवाद जागच्या जागी जुळवायची, आणि मग राक्षस यायचे. आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत, मशालींच्या उजेडात. त्या आरोळीवरूनच पुढच्या शिकलेल्या लोकांनी या नाटकांना नाव ठेवलं, 'अलल्डुर्र'. अलल्डुर्र नाटक म्हणजे ज्यात डोकं नाही, नुसता धुडगूस आहे, असं नाटक.

हेटाळणारे मूर्ख नव्हते. त्यांना दिसत होतं ते खरंच होतं. धुडगूस होताच. पण त्यांना दिसलं नाही ते काय? राक्षसाचं काम करणाऱ्या नटाला लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधाराचं पद कधी संपणार, देवाचं पात्र किती मागं सरणार, तलवार कुठवर आणायची, प्रेक्षक घाबरलेत की कंटाळलेत, हे त्याला उभ्या उभ्या ओळखावं लागायचं. त्याच्या कामाची खोली शब्दांत नव्हती, त्यामुळं शब्द शोधणाऱ्यांच्या हाती ती लागली नाही. ती वेळेत होती. पुढं किर्लोस्कर आले, देवल आले. देवल तर आपल्याच हरिपूरचे. संहिता आली, संगीत आलं, रंगभूमी मोठी झाली, हे सगळं मान्य. पण त्या रंगभूमीचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या अंगातलं कसब आपण 'अलल्डुर्र' या एका शब्दात पुरलं. आज घराघरांत, "काय ती नुसती मारामारी लावलीय" असं म्हणताना आपण तेच करत नाही ना, एवढीच शंका मला आली आणि मी शोधायला लागलो.

माझं स्वतःचं या खेळांशी नातं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडशेजारी एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची खोली, चार मशिनं, उकाडा. एक रुपया टाकला की खेळ सुरू. त्यात एका मशिनला आम्ही 'मुस्तफा' म्हणायचो. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्याचं खरं नाव, हे मला वीस वर्षांनी कळलं. पिवळ्या टोपीचा मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा, त्यावर आख्खा जिल्हा फिदा होता. तिथं एक पोरगा यायचा, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याचा. आमचा रुपया पाच मिनिटांत संपायचा. त्याचा एका रुपयात तास निघायचा. दुकानदार वैतागायचा. आम्ही त्याच्यामागं कोंडाळं करून उभे राहायचो. तो आमच्यापेक्षा जोरात बटणं दाबत होता का? नाही. तो आमच्यापेक्षा कमी दाबत होता. हे मला तेव्हाही दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो अर्थ मला मर्दानी खेळात लागला.

आपल्याकडं शिवजयंतीला, प्रतापगडावर शिवप्रताप दिनाला, मर्दानी खेळांची पथकं येतात. लाठी, विटा, फरी-गदका आणि दांडपट्टा. राज्य सरकारनं २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. पट्टा तुम्ही हातात घेतलाय का कधी? त्याची मूठ तलवारीसारखी नसते. कोपरापर्यंत लोखंडी खोबण असते, हात आत घालायचा आणि आतली आडवी मूठ धरायची. म्हणजे मनगट बंद. तलवारबाज ज्या मनगटावर नाचतो, ते मनगटच पट्टा काढून घेतो. मग फिरायचं कशानं? कोपरानं, खांद्यानं, कमरेनं, पायानं. अख्खं अंग पात्यामागं जातं. आणि पातं लवचिक असतं, लांब असतं, गेलं की गेलं.

आता त्यातला तो खेळ आठवा. एक जण जमिनीवर बसतो, तळहात पुढं करतो, तळहातावर लिंबू. पट्टेकरी गरगर फिरत येतो आणि लिंबाची दोन भकलं होतात. हाताला ओरखडा नाही. टाळ्या पडतात. आपण टाळ्या कशाला वाजवतो? लिंबू कापल्याला? लिंबू तर घरात विळीवरही कापतं. आपण टाळ्या वाजवतो त्या थांबण्याला. लिंबाच्या सालीपासून तळहाताच्या कातडीपर्यंत जे बोटभर अंतर आहे, त्यात तो हात थांबला, त्याला. फिरवणं आठ दिवसांत येतं. थांबवायला वर्षं लागतात.

आणि इतिहासातही पाहा. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, आपल्याच सातारा जिल्ह्यात. अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडानं महाराजांवर हत्यार उगारलं, आणि जिवा महालांनी तो हात वरच्या वर उडवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या म्हणीत ताकदीचा शब्द नाही. जिवा 'होता', एवढंच आहे. योग्य जागी, योग्य क्षणी होता. उगारलेला हात आणि पडणारा वार, यांच्या मधल्या फटीत तो होता.

आता ही फट घेऊन आपण गेमकडं जाऊ, कारण या खेळांचं सगळं बांधकाम त्या फटीवर उभं आहे.

पडद्यावर चित्र हलतं म्हणजे काय होतं? चांगल्या मारामारीच्या गेममध्ये एका सेकंदात साठ चित्रं दाखवतात. म्हणजे खेळाडूला सेकंदाचे साठ तुकडे करून दिलेले असतात. प्रत्येक घावाचे त्यात तीन भाग. मी माझ्यापुरते त्यांना मराठी शब्द केलेत, उचल, घाव आणि सावर. तलवार उचलायला काही तुकडे जातात, प्रत्यक्ष लागण्याचे थोडेच, आणि मग तोल सावरायला काही. हलका घाव लवकर उचलतो, लवकर सावरतो, पण लागतो कमी. जड घाव मोठा लागतो, पण सावरेपर्यंत तुम्ही उघडे. समोरच्या राक्षसाचंही तसंच. त्याच्या उचलीत तुम्ही बाजूला झालात आणि त्याच्या सावरण्यात शिरलात, तर तुमचं साधलं. आणि समोर एक नसतो, पाच असतात. प्रत्येकाची उचल वेगळी. एकाची सावर चालू असते तेव्हा दुसऱ्याची उचल सुरू झालेली असते, आणि तिसरा तुमच्या पाठीमागं, पडद्याबाहेर.

हे ऐकून कुठल्या पैलवानाला नवल वाटेल? पट काढायला वाकलेला मल्ल क्षणभर उघडा असतो, हे तालमीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. त्या क्षणाची तोड म्हणूनच तर अर्धी कुस्ती आहे.

बटणं बडवणारा काय करतो? त्याला उचल, घाव, सावर यातलं एकच माहीत असतं, घाव. म्हणून त्याचा रुपया पाच मिनिटांत संपतो.

या प्रकाराला आजचं रूप ज्या खेळानं दिलं, त्याची कथा मला फार आवडते. २००१ साली कॅपकॉमनंच 'डेव्हिल मे क्राय' काढला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. मुळात तो एका भुताटकीच्या गेमचा पुढचा भाग व्हायचा होता. पण त्याच कंपनीच्या 'ओनिमुशा' या दुसऱ्या गेमच्या चाचणीत एक चूक सापडली. शत्रूला वर उडवून त्याच्यावर घाव घालत राहिलं, तर तो खाली पडेना, हवेतच राहिला. चूक म्हणून ती काढून टाकता आली असती. कामियांनी तिच्यावर नवा खेळ उभा केला. त्याआधी १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्येही असंच झालं होतं. एका फटक्याला जोडून दुसरा असा बसतो, की समोरच्याला मध्ये शिरताच येत नाही, ही सोय बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलेली नव्हती. सापडली, आणि राहू दिली. आज पोरं ज्याला 'कॉम्बो' म्हणतात त्याचा जन्म तो. मला यात मोठी गोष्ट दिसते. ज्या वस्तूत तिच्या कर्त्यालाही माहीत नसलेलं काही सापडू शकतं, ती वस्तू उथळ कशी म्हणायची? उथळ भांड्यात आपण ठेवलं तेवढंच निघतं.

आणि कामियांनी आणखी एक केलं. पडद्याच्या कोपऱ्यात परीक्षक बसवला. तुम्ही किती मारलं हे तो बघत नाही, कसं मारलं ते बघतो. एकच घाव पुन्हा पुन्हा घातलात तर तुमची श्रेणी वर चढत नाही. राक्षस मरतो, तुम्ही जिंकता, पण कोपऱ्यातलं ते अक्षर तुम्हाला सांगतं, हे काही खरं नाही. निव्वळ जिंकणं पुरेसं नाही असं सांगणारी स्पर्धा आपल्या मुलांच्या आयुष्यात दुसरी किती ठिकाणी आहे, याचा मला शोध घ्यावासा वाटतो. शाळेत तर नक्की नाही.

इथं कुणीतरी मनात म्हणत असेल, अहो, कुस्तीशी तुलना कशाला करता? समोर माणूस नाही. घाम नाही, माती नाही, कान फुटत नाही. बरोबर आहे. मीही फार दिवस तिथंच अडलो होतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांशी, कवठेपिरानच्या मारुती मान्यांशी मी या पोरांच्या खेळाची बरोबरी कशी करू? खाशाबा १९४८ला लंडनला गेले तेव्हा मातीतला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीत सहावा आला, आणि चार वर्षांत तीच गादी आपलीशी करून १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या चार वर्षांत त्यांच्या शरीरानं जे सोसलं, त्याच्या जवळपासही कुठला गेम जात नाही. जाऊही नये.

मग मला माझी चूक कळली. मी तुलना चुकीच्या खेळाशी करत होतो. हा खेळ कुस्तीचा भाऊ नव्हेच. हा मल्लखांबाचा भाऊ आहे.

मल्लखांब काय करतो? काहीच नाही. उभा असतो. सागवानी किंवा शिसवी लाकूड, एरंडेल चोळलेलं. तो अंगावर येत नाही, डाव टाकत नाही, बदलत नाही. काल जिथं होता तिथंच आज. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या खांबाला पुन्हा जीव दिला, तेव्हापासून आजवर हजारो मुला-मुलींनी त्याच्यावर दसरंग केले, फिरक्या मारल्या, आणि खांब अजून संपला नाही. कारण खोली लाकडात नव्हती. लाकूड तेच राहिलं म्हणून माणसाला स्वतःची सुधारणा मोजता आली. गेममधला राक्षसही तसाच. हजार वेळा तीच उचल, तोच घाव, तीच सावर. तो शिकत नाही. म्हणून तर तुम्ही शिकलात की नाही, ते लख्ख दिसतं. "तो राक्षस तर ठरल्याप्रमाणंच वागतो, त्यात काय?" असं विचारणाऱ्याला मी विचारतो, मल्लखांब कधी ठरल्याबाहेर वागलाय?

मात्र एक अट आहे, आणि ती मी जोरानं सांगणार आहे.

साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटेची विहीर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईंनी बांधलेली, अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल. बारा मोटा एका वेळी चालतील अशी सोय. पण त्या विहिरीपुढं मी उभा राहतो तो खोलीसाठी नाही. पायऱ्यांसाठी. रुंद, दगडी, सावलीतल्या पायऱ्या. म्हातारं माणूस उतरू शकतं, लहान पोर उतरू शकतं. मध्ये थांबायला जागा आहे, वर बघायला झरोके आहेत. शंभर फूट खड्डा कुणीही खणेल. त्यात माणसाला पाण्यापर्यंत नेणारी वाट बांधणं, हे खरं काम.

खेळाचंही तेच. नुसता अवघड म्हणजे खोल नव्हे. २००५ साली 'डेव्हिल मे क्राय ३' आला. मारामारीच्या खेळातला आजही मानाचा खेळ. पण जपानमध्ये जी 'अवघड' पातळी होती तीच अमेरिकेत 'साधारण' म्हणून विकली. वरच्या पायऱ्याच काढून घेतल्या. माणसं पहिल्याच वळणावर आपटली आणि खेळ बाजूला ठेवून मोकळी झाली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत कंपनीला त्या पायऱ्या परत बसवाव्या लागल्या. उलट कामियांनीच २००९ साली 'बायोनेटा' केला, त्यात अगदी नवख्यांसाठी अशी सोय ठेवली, की एका बटणावर घावांची साखळी आपोआप चालावी. आणि त्याच खेळात, घाव अगदी अंगाला टेकायच्या आधी तुम्ही बाजूला झालात तर सगळं जग क्षणभर संथ होतं, तुम्ही तेवढे वेगात. घाबरून लवकर पळाल तर काही मिळत नाही. थांबलात, अगदी शेवटपर्यंत थांबलात, तर वेळ तुमच्या बाजूनं होतो. लिंबू आणि तळहाताच्या मधली ती जागा पुन्हा आली बघा.

आणि पायऱ्या तर नाहीतच, वर विहिरीच्या तोंडाशी पैसे मागणारा बसवलाय, असे गेमही आज फोनवर ढिगानं आहेत. राक्षस मरत नाही? पन्नास रुपये टाका, तलवार धारदार होईल. पुन्हा मरत नाही? शंभर टाका. हात तोच राहतो, आकडा वाढतो. हा खेळ कुठल्याच अर्थानं खोल नाही आणि तो मुलांच्या हातून काढून घ्यायला मी पहिला पुढं येईन. तालमीत पैसे देऊन डाव येत नाही. पालकांनी मारामारी आहे की नाही एवढंच बघू नये. आमच्या पोराची सुधारणा त्याच्या बोटांत होतेय की आमच्या खात्यातून, हे बघावं.

हिंसेबद्दल थोडक्यात बोलतो. आपण ज्या देवीपुढं नवरात्रात नऊ दिवस बसतो, तिच्या पायाखाली रेडा आहे आणि हातात त्रिशूळ. राक्षसवधाची गोष्ट आपण मुलांना पाळण्यात सांगतो. प्रश्न रक्ताचा नाही, रक्ताची चव लावण्याचा आहे. काही गेम ती लावतात. त्यांना मी आज बाजूला ठेवतोय.

देवीचं नाव निघालं म्हणून आता घरचं उदाहरण. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनं २०२० साली 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम काढला. भारतीय पुराणांवरचा, भारतात केलेला, जगभर खेळला गेलेला मारामारीचा गेम. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनांत तो होता. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिची गोष्ट सांगतात. सूत्रधारच की! मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी उलगडते. पिंगुळीच्या चामडी बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ते बघताना भरून येईल.

आणि राजी लढते कशी? खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरकीत चार असुर उडवते. भिंतीवर दोन पावलं चढून मागं उलटते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठलो. आमच्या तालमीच्या अंगणात सकाळी फिरक्या घेणाऱ्या पोरी पडद्यावर अवतरल्या होत्या. माझं मत स्पष्ट सांगायचं तर 'राजी'ची चित्रं तिच्या मारामारीपेक्षा समृद्ध आहेत. असुरांच्या चाली थोड्या तासांत संपतात, तोडीची तोड शोधायला फारसं उरत नाही. विहीर सुंदर आहे, पायऱ्या कोरीव आहेत, पाणी कमरेइतकं आहे. पण ती आपल्या दगडात खोदलीय. 'सीता स्वयंवर'ही पहिलंच होतं. आज इथं बसलेल्या मुलांपैकी कुणी उद्या दांडपट्ट्याचा गेम करेल, ज्यात मनगट बंद असेल आणि खेळाडूला अख्ख्या अंगानं विचार करावा लागेल, तर तो बघायला मी असावं, एवढी माझी इच्छा आहे.

शेवटी गेल्या दिवाळीतला एक प्रसंग सांगतो आणि थांबतो.

आमचे मामा वाळवा तालुक्यातले. वय शहात्तर. तरुणपणी जत्रेतल्या फडात नारळापासून शेवटच्या जोडीपर्यंत लढलेले. कान फुटलेले, गुडघे गेलेले. नातू सुट्टीला आला होता, टीव्हीला गेमचं यंत्र जोडून खेळत होता. समोर एक अवाढव्य राक्षस, हातात घण. पोरगं सतरा वेळा मेलं. मामा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर कधी खाली आला ते कुणाला कळलं नाही. अठराव्या वेळी पोरगं मेलं तेव्हा मामा म्हणाले, "लेका, कशापायी नुसता हात चालवतोयस? त्याचा हात रिकामा जाऊ दे की."

पोरगं म्हणालं, "आज्जा, तुम्हाला नाही कळत त्यातलं."

"त्यातलं न्हाई कळत. त्याचा खांदा दिसतोय. घण उचलायच्या आधी डावा खांदा पडतोय त्याचा. बघ."

पोरानं पुन्हा सुरू केलं. राक्षस आला. पोराचं बोट बटणावर, पण दाबलं नाही. डावा खांदा पडला. घण वर गेला. पोरगं अजून थांबलेलं. घरातली सगळी गप्प. घण खाली आला आणि पोरगं त्याच्या आतल्या अंगाला सरकलं, घण जमिनीत रुतला.

"आता!" मामा ओरडले, "आता गेलाय हात रिकामा!"

आणि गुडघ्यावर हात रोवत, भिंतीला धरत, मामांनी आपली खुर्ची टीव्हीसमोर ओढून घेतली.